कॉफीच्या वाणांची निपज आणि चवीचा प्रश्न : बाळेहोन्नूर येथील एस. ७९५ वाणाच्या अनुषंगाने

कॉफीच्या नामांकित वाणांचा इतिहास अलीकडे ज्या रीतीने सांगितला जातो, तीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. केनियातील एस.एल. २८, पनामातील गेशा आणि म्हैसूरकडील एस. ७९५ हे वाण आज त्यांच्या चवीसाठी वाखाणले जातात. तेव्हा ज्यांनी ते निवडले किंवा संकराने सिद्ध केले, त्यांनी ते चवीसाठीच केले असणार, असा हा समज होय. परिणामावरून हेतूचे अनुमान करण्याची ही पद्धत इतिहासलेखनात नेहमीच घातक ठरली आहे. या तिन्ही वाणांच्या जन्मकथा तपासल्या, तर चव हे प्रधान उद्दिष्ट त्यांपैकी एकाच्याही मुळाशी नव्हते असे दिसते. पहिला अवर्षणात तगतो म्हणून निवडला गेला, दुसऱ्याचा प्रसार तांबेऱ्याला तो काही अंशी दाद देत नाही म्हणून झाला, आणि तिसऱ्याचा संकर तर तांबेऱ्याच्या धास्तीनेच घडवून आणण्यात आला. यावरून या संशोधकांना चवीची पर्वा नव्हती असा निष्कर्ष काढणे मात्र तितकेच चुकीचे ठरेल. चवीचा विचार त्यांच्यापुढे होता. पण उद्दिष्ट म्हणून नव्हे, तर मोडू नये अशी अट म्हणून होता. या दोहोंतील अंतर लहान वाटले, तरी कोणते झाड राखावे आणि कोणते उपटून टाकावे, हे त्यावरच ठरत असे.

या वनस्पतीचा स्वभाव ध्यानात घेतल्यावाचून हा इतिहास उलगडत नाही. कॉफीच्या शंभराहून अधिक जाती ज्ञात आहेत. परंतु व्यापारात महत्त्व आहे ते अरेबिका आणि कॅनेफोरा (हिचीच लागवड रोबस्टा या नावाने होते) या दोघींना. इतर जातींत २२ गुणसूत्रे असतात, तर अरेबिकात ४४. कॅनेफोरा आणि युजेनिऑइडिस या दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून अरेबिका उत्पन्न झाली हे आता निश्चित झाले असून, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासात या घटनेचा काळ सुमारे सहा लाख वर्षांपूर्वीचा असावा असे अनुमान काढलेले आहे. हा संकर बहुधा एकदाच घडला. शिवाय अरेबिका स्वपरागित आहे. त्यामुळे जातीच्या अंगी वैविध्य मुळातच थोडे. आणि जे होते तेही नैर्ऋत्य इथिओपियाच्या अरण्यात व त्याला लागून असलेल्या दक्षिण सुदानच्या बोमा पठारावर राहिले.

मनुष्याच्या हातून झालेल्या प्रसाराने ही दरिद्री अवस्था अधिकच वाढली. येमेनमध्ये लागवडीस आलेल्या झाडांचे बी सतराव्या शतकात म्हैसूरच्या डोंगराळ मुलखात पोहोचले. बाबा बुदन यांनी सात बिया लपवून आणल्याची कथा सर्वश्रुत आहे. ती दंतकथा मानली, तरी बी येमेनकडून आले याविषयी वाद नाही. (अरबीतील ‘बुन्न’ हा शब्दही त्याच मार्गाने पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि मराठी घरांत ‘बुंद’ म्हणून रुळला.) १६९६ मध्ये व पुन्हा १६९९ मध्ये डचांनी मलबारहून हे बी जावा बेटावर नेले. जावाचे एक रोप १७०६ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या वनस्पतिउद्यानात आले. त्याच्या संततीतील एक १७१४ मध्ये फ्रान्सच्या राजाला नजर करण्यात आले, आणि अमेरिका खंडातील टिपिका नावाचे बहुतेक मळे या एकाच वंशावर वाढले. येमेनहून बूर्बों बेटावर गेलेला दुसरा वंश तेवढा याला अपवाद. एकोणिसाव्या शतकातील मळेवाल्यांना वाण निवडावा असे वाटले असते, तरी निवडीला वाव फारसा नव्हता.

निवडीची गरज प्रथम उत्पन्न केली ती रोगाने. १८६९ मध्ये सिलोनमध्ये कॉफीच्या पानांच्या मागील बाजूस नारिंगी चूर्णाचे ठिपके दिसले. इंग्रज कवकशास्त्रज्ञ बर्कली यांनी त्याच वर्षी या कवकाचे हेमिलेइया व्हास्टॅट्रिक्स असे नामकरण केले. त्यातील दुसरे पद उद्ध्वस्त करणारी या अर्थाचे आहे आणि पुढील वीस वर्षांत ते अक्षरशः खरे ठरले. मार्शल वॉर्ड यांनी १८८० ते १८८२ या काळात सिलोनमध्ये राहून या कवकाचे जीवनचक्र उलगडले, परंतु मळे वाचवण्याचा उपाय हाती लागला नाही आणि सिलोनच्या टेकड्यांवर कॉफीच्या जागी चहा आला. म्हैसूर आणि कूर्ग येथील मळे पूर्णपणे बुडाले नाहीत, तथापि चिकमगळूरच्या नावावरून ‘चिक’ म्हणून ओळखला जाणारा जुना वाण तांबेरा आणि खोडकिडा यांच्या दुहेरी माऱ्यात नामशेष झाला. त्याची जागा ‘कूर्ग’ वाणाने घेतली. तोही तांबेऱ्याला बळी पडू लागला, तेव्हा १९११ मध्ये केंट नावाच्या मळेवाल्याने म्हैसूर संस्थानातील दोड्डेनगुड्डा मळ्यात एक निरोगी झाड हेरून त्याचे बी राखले. ‘केंट्स’ हा वाण त्यातून आला. ही निवड प्रयोगशाळेबाहेरची, डोळ्यांनी पाहून केलेली होती. आणि डोळ्यांना दिसतो तो पानांवरचा रोग, पेल्यातील चव नव्हे.

म्हैसूर सरकारने १९२५ मध्ये कोप्प तालुक्यातील बाळेहोन्नूर येथे कॉफी प्रयोगकेंद्राची स्थापना केली. संस्थानाचे शेतीसंचालक लेस्ली कोलमन यांचा या उपक्रमात मोठा वाटा होता. येथील प्रारंभीच्या कार्यात सर्वांत महत्त्वाचा शोध संकराचा नव्हे, तर रोगाचा आहे. केंट्सची झाडे प्रथम निरोगी होती, मग तीही तांबेऱ्याने माखू लागली. झाडाची जात बिघडली, बी भेसळीचे निघाले, अशी स्पष्टीकरणे मळेवाल्यांत चालत. डब्ल्यू. विल्सन मेन यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले की बदल झाडात नसून कवकात आहे. तांबेऱ्याचे एकाहून अधिक प्रकार असून, कूर्ग वाणावर वाढणारा एक प्रकार केंट्सवर वाढत नाही, तर दुसरा दोहोंवरही वाढतो. या छोट्याशा टिपणाचे परिणाम फार दूरवर गेले. एखादा वाण प्रतिकारक्षम आहे या विधानाला ‘कोणत्या प्रकाराविरुद्ध’ हा प्रश्न यापुढे कायमचा चिकटला, आणि कॉफीच्या निपजीचे काम एकदा करून संपवण्याजोगे न राहता पिढ्यान्‌पिढ्या चालणारे होऊन बसले.

बाळेहोन्नूरच्या संग्रहात एस. २६ या क्रमांकाची एक निवड होती. अरेबिका आणि लायबेरिका यांच्या नैसर्गिक संकरातून ती आली असावी असे तिच्या लक्षणांवरून मानले जाते. तिच्या संततीतून एस. २८८ निवडण्यात आली. तिचा तांबेऱ्याला होणारा प्रतिकार त्या काळच्या इतर कोणत्याही अरेबिकापेक्षा वरचढ होता, कारण लायबेरिकाचे जे जनुक तिच्यात उतरले होते (पुढे ते एस.एच. ३ या नावाने ओळखले गेले) ते शुद्ध अरेबिकात नव्हतेच. परंतु तिचा दाणा निर्दोष नव्हता. बेढब आणि सदोष दाण्यांचे प्रमाण तिच्यात अधिक असे, आणि असा माल बाजारात चालत नाही. म्हणून तिचा केंट्सशी संकर करण्यात आला, व त्याच्या संततीतून निवडलेला एस. ७९५ हा वाण १९४० च्या दशकाच्या मध्यास मळेवाल्यांच्या हाती आला. भारतातील अरेबिकाच्या लागवडीत पुढील कित्येक दशके याच वाणाचे वर्चस्व राहिले.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. केंट्सचा उपयोग ‘प्रत’ सुधारण्यासाठी केला, असे या संकराविषयी सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण प्रत म्हणजे काय? कॉफीच्या व्यापारात हा शब्द दोन निराळ्या वस्तूंना लावला जातो. एक म्हणजे हिरव्या दाण्याची प्रत : त्याचे आकारमान, घाट, रंग, पोकळ व फुटक्या दाण्यांचे प्रमाण. ६·६५ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीवर राहणारा दाणा ‘ए’ प्रतीचा, खाली पडणारा त्याहून कमी, असा हा हिशेब असतो. दुसरी म्हणजे पेयाची प्रत, जी भाजून, दळून आणि प्यायल्यावरच कळते. दाणा टपोरा म्हणून पेय उत्तम, असा नियम नाही. एस. २८८ मध्ये जो दोष घालवायचा होता तो प्राधान्याने पहिल्या अर्थाचा होता. एस. ७९५ ची चव नंतर जी वाखाणली गेली, येमेनच्या मोखा कॉफीची आठवण करून देणारी म्हणून तिचे जे वर्णन होऊ लागले, ती दुसऱ्या अर्थाची प्रत होय. केंट्सच्या रक्तातून ती जवळजवळ अनायासे आली. जुन्या अहवालांतील ‘प्रत’ हा शब्द वाचताना हे दोन अर्थ वेगळे न केल्यामुळेच चवीसाठी केलेल्या संकराची कथा उभी राहिली आहे.

संशोधकांनी चवीवर थेट निवड का केली नाही, याचे एक कारण पद्धतीत आहे. रोप लावल्यापासून पहिले फळ येण्यास तीन वर्षे लागतात. उंची, रोगाचे डाग, झाडामागे फळांचे वजन या गोष्टी हजार झाडांवर एका हंगामात नोंदवता येतात. चवीसाठी मात्र प्रत्येक झाडाचे फळ वेगळे तोडावे, सोलावे, आंबवावे, धुवावे, वाळवावे, भाजावे व दळावे लागते. आणि एवढे करूनही परीक्षकाच्या जिभेवर जे उतरते त्यात झाडाचा वाटा किती, उंचीचा व सावलीचा किती, आणि आंबवण्यात झालेल्या दिरंगाईचा किती, हे सांगणे कठीण. संकरापासून स्थिर वाण मिळेपर्यंत पाच-सहा पिढ्या, म्हणजे पंचवीस-तीस वर्षे लोटतात. पहिल्या पिढीतच हजारांतून काही डझन झाडे राखायची असतात, आणि ती राखताना हाताशी असलेली मापे वापरली जातात. ज्याचे माप सोपे तेच निवडले जाते. ही गोष्ट बाळेहोन्नूरपुरती नव्हे. ब्राझीलच्या कॅम्पिनास येथील संस्थेत १९३२ पासून क्रूग, आणि पुढे कार्व्हाल्यो यांनी कॉफीच्या निपजीचे जगातील कदाचित सर्वांत शिस्तबद्ध कार्य केले. तेथील मुंदो नोव्हो आणि कातुआई या वाणांची कीर्तीही उत्पन्नावर व झाडाच्या ठेवणीवर उभी आहे.

दुसरे कारण बाजाराचे, आणि भारतापुरते ते अधिक निर्णायक म्हटले पाहिजे. महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठ तुटली, तेव्हा मळेवाल्यांना तारण्यासाठी १९४२ चा कॉफी-बाजार-विस्तार कायदा आला आणि सर्व उत्पादन कॉफी मंडळाच्या सामायिक साठ्यात जमा करण्याची पद्धत सुरू झाली. साठ्यात गेलेला माल प्रकार व प्रत यांनुसार एकत्र होई आणि मळेवाल्याला त्याप्रमाणे गुणांक मिळून पैसा हप्त्याहप्त्याने पोचे. या व्यवस्थेने लहान बागाईतदारांना संरक्षण दिले, हे नाकारता येत नाही. पण एका मळ्याची एस. ७९५ शेजारच्या मळ्याच्या दुसऱ्या वाणात मिसळली जात असता, तिची चव अधिक चांगली आहे हे कोणाला कळणार आणि त्याचे मोल कोण देणार? १९९० च्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्याने उठले व १९९६ मध्ये सर्व मळेवाल्यांना आपला माल आपण विकण्याची मोकळीक मिळाली. म्हणजे एस. ७९५ च्या आयुष्यातील पहिली पन्नास वर्षे तिच्या चवीला नाव नव्हते. ज्या गुणाला भाव नाही, तो गुण वाढवण्यावर सरकारी केंद्राने तीस वर्षांचे श्रम लावावेत, ही अपेक्षा अवाजवी ठरते. आणि सिलोनचे उदाहरण ज्यांच्या डोळ्यांपुढे होते, त्यांच्याबाबतीत तर विशेषच.

केनियाची स्थिती थोडी निराळी होती. तेथील स्कॉट प्रयोगशाळांतील ट्रेंच या अधिकाऱ्याला १९३१ मध्ये टांगानिकाच्या मोंडुली भागात अवर्षण सोसणारी झाडे आढळली. त्यांच्या बियांपासून वाढलेल्या झाडांतील एक १९३५ मध्ये निवडले गेले, तेच एस.एल. २८. त्या निवडसत्रात बेचाळीस झाडे पारखली गेली आणि उत्पन्न, अवर्षण व रोग यांच्या जोडीला प्रत हीसुद्धा एक कसोटी होती. केनियाचा माल पुढे लिलावात मळ्यागणिक विकला जाई; त्यामुळे चव चांगली असल्यास तिचा भाव मिळण्याची सोय होती. एस.एल. २८ टिकला यात या व्यवस्थेचा वाटा मोठा असावा, कारण उत्पन्न व रोगप्रतिकार या दृष्टींनी तो मुळीच आदर्श नव्हे. केनियात १९२२ मध्ये प्रथम दिसलेल्या फळकुजव्या रोगाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथील मळ्यांत हाहाकार केला, तेव्हा हा वाण पूर्णतः असहाय ठरला. पुढे रुइरू येथे प्रतिकारक्षम वाण घडवताना, रोगप्रतिकारासाठी दक्षिण सुदानच्या बोमा पठारावरील रुमे सुदान आणि तिमोर संकर यांचा उपयोग करून, त्यांच्या संततीचा एस.एल. २८ आदींशी वारंवार संकर करण्यात आला. हेतू एकच : चव परत आणणे. ‘रुइरू ११’ हा वाण १९८० च्या दशकात वितरित झाला. त्याची चव जुन्या वाणांच्या तोडीची आहे काय, हा वाद केनियात अद्याप मिटलेला नाही.

वर आलेल्या तिमोर संकराविषयी विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कॉफीचा बहुतेक इतिहास त्याच्याभोवती फिरतो. तिमोर बेटावरील एका अरेबिकाच्या मळ्यात १९२७ च्या सुमारास एक झाड तांबेऱ्यापासून अलिप्त आढळले. अरेबिका आणि रोबस्टा यांचा तो नैसर्गिक संकर होता; विशेष म्हणजे गुणसूत्रांची संख्या अरेबिकाइतकीच असल्याने त्याचा अरेबिकाशी पुन्हा संकर सहज होई. पोर्तुगालमधील ओएरास येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या तांबेरा-संशोधन-केंद्रात दोलिव्हेरा यांच्या मार्गदर्शनाखाली १९५९ मध्ये या संकराचा कातुरा या ठेंगण्या वाणाशी मेळ घातला गेला. ‘कातिमोर’ नावाने ओळखली जाणारी ही संतती अनेक देशांत गेली. ब्राझीलमध्ये १९७० मध्ये तांबेरा पोचल्यावर तिचे मोल शतगुणित झाले. भारतात १९८५ मध्ये ‘कावेरी’ या नावाने ती वितरित झाली. दाट लागवड, लवकर फळ, भरघोस उत्पन्न यांमुळे मळेवाले हर्षित झाले, पण काही वर्षांतच तांबेऱ्याच्या नव्या प्रकारांनी तिलाही गाठले. मेन यांनी विचारलेला प्रश्न पुन्हा पुढे येऊन उभा राहिला.

चवीचा प्रश्न प्रथम उघडपणे भांडणाचा विषय झाला तो या वाणांमुळे. रोबस्टाच्या रक्ताने पेय कडवट व रुक्ष होते, असा खरेदीदारांचा आक्षेप होता; तर हा केवळ पूर्वग्रह आहे, असे संशोधकांचे उत्तर. फ्रेंच संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने दोन्ही पक्षांना अंशतः दोषी ठरवले. तिमोर संकरापासून निघालेल्या काही वंशांत शर्करेचे प्रमाण कमी व क्लोरोजेनिक आम्लांचे अधिक आढळले आणि त्यांचे पेयही निकृष्ट ठरले. परंतु काही वंश शुद्ध अरेबिकाच्या बरोबरीचे निघाले. दोष तिमोर संकरात नव्हे, तर रोगप्रतिकाराबरोबर नको असलेले जनुकही निमूटपणे वाहून आणणाऱ्या निवडीत होता. चव ही अट म्हणून बाळगली होती खरी, पण ती अट पाळली गेली की नाही हे पाहण्याची तजवीज निपजीच्या शेवटी होती, प्रारंभी नव्हती. आणि वीस वर्षांच्या श्रमानंतर हाती आलेला रोगप्रतिकारक वाण केवळ चवीसाठी टाकून देण्याचे धैर्य कोणत्याही केंद्राला होणे कठीणच.

अट उद्दिष्टात रूपांतरित झाली, ती गेशाच्या निमित्ताने. या वाणाचे बी १९३० च्या दशकात इथिओपियात गोळा झाले, टांगानिकातील ल्यामुंगू केंद्रामार्गे १९५३ मध्ये कोस्टा रिकातील तुरियाल्बा येथे पोचले आणि १९६० च्या दशकात, तांबेरा आल्यास उपयोगी पडेल म्हणून, पनामात वाटले गेले. फांद्या ठिसूळ, उत्पन्न अल्प. मळेवाल्यांनी त्याकडे दुर्लक्ष केले. २००४ मध्ये पनामातील एस्मेराल्दा मळ्याच्या मालकांनी मळ्याच्या निरनिराळ्या भागांतील माल वेगळा ठेवून चाखला व गेशाचा माल स्पर्धेत उतरवला. लिलावात त्याला पौंडास २१ डॉलर भाव आला. सर्वसाधारण अरेबिका तेव्हा पौंडास एका डॉलरहूनही स्वस्त होती. वाण पनामात चाळीस वर्षे उभा होता. नवीन होते ते माल वेगळा राखणे.

त्यानंतर इथिओपियाच्या जुन्या संग्रहांकडे पाहण्याची दृष्टी पालटली. १९६४-६५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने इथिओपियात कॉफीच्या बियांच्या संकलनासाठी एक पथक धाडले होते. बाळेहोन्नूरचे संकरतज्ज्ञ नरसिंहस्वामी त्या पथकाचे सदस्य होते, आणि संकलनाचा एक हिस्सा भारतातही आला. पथकाच्या दृष्टीसमोर रोगप्रतिकार प्रमुख होता. आज त्याच झाडांकडे चवीचे भांडार म्हणून पाहिले जाते. बाळेहोन्नूर येथेच इथिओपियातील ताफारिकेला आणि तिमोर संकर यांच्या मेळातून सिद्ध झालेल्या ‘निवड ९’ या वाणाला २००२ मध्ये कॉफी मंडळाच्या चवस्पर्धेत उत्कृष्ट अरेबिकाचा मान मिळाला. मध्य अमेरिकेत रुमे सुदान व तिमोर संकराच्या वंशातील एक निवड यांपासून तयार केलेल्या ‘सेंत्रोअमेरिकानो’ या पहिल्या पिढीच्या संकराने २०१७ मध्ये निकाराग्वातील स्पर्धेत शंभरपैकी नव्वदांहून अधिक गुण मिळवले. मात्र त्याची रोपे प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने वाढवावी लागतात. मळेवाल्याने स्वतःच्या झाडाचे बी राखले, तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. एस. ७९५ चे बी मात्र कूर्गमधील लहानातला लहान शेतकरीही राखू शकत असे.

भारतात २००७ मध्ये ‘चंद्रगिरी’ हा ठेंगणा, तिमोर संकराच्याच वंशातील वाण वितरित झाला आणि अनेक मळ्यांत त्याने जुन्या उंच झाडांची जागा घेतली. एस. ७९५ तांबेऱ्याच्या नव्या प्रकारांना आता पूर्वीप्रमाणे तोंड देऊ शकत नाही, आणि पांढऱ्या खोडकिड्यापुढे तर तो कधीच टिकाव धरत नव्हता. त्याच वेळी मळ्याच्या नावाने माल विकणारे मळेवाले हीच झाडे मुद्दाम राखून आहेत. इंडोनेशियातही हा वाण रूढ आहे. तेथे तो पूर्व जावातील ज्या गावच्या संशोधन केंद्राने त्याचा प्रसार केला, त्या गावावरून ‘जेम्बर’ या नावाने ओळखला जातो. डचांनी मलबारचे बी जावात उतरवल्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी त्याच मुलखाचे बी पुन्हा त्याच बेटावर गेले, आणि सुलावेसी व बाली येथील मळ्यांतून निघणारा त्याचा दाणा आज त्या त्या बेटाच्या नावाने विकला जातो.